हातातले मशीन, तीन वर्षांचा हिशेब
बाहेरच्या कंपनीचे हॅण्डहेल्ड सॉफ्टवेअर घेण्याआधी काय तपासावे आणि किती पैसे बाजूला ठेवावेत

गोंदियाहून आमगावच्या रस्त्याला लागले की फुलचूर नाका येतो. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले, हे आता सांगता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला धान निघाले की या पट्ट्यातल्या मिल, गोदामे आणि खरेदी केंद्रांवर काट्यापाशी गर्दी होते. कट्टे मोजले जातात, चिठ्ठी फाटते, वहीत नोंद पडते. संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि रात्री दिवाणजी तेच आकडे पुन्हा टॅलीत भरतात. एकच नोंद तीनदा लिहिली, की चूक शिरायला तीन जागा मिळतात.

काट्यावरच मोबाईलमध्ये नोंद झाली तर हे सगळे टळेल, हा विचार बरोबर आहे. म्हणूनच मिल समूह, शेतकरी उत्पादक कंपन्या, मालाचे मोठे वितरक, गावोगाव हप्ते गोळा करणाऱ्या वित्त कंपन्या अशा सगळ्यांकडे आज कोणी ना कोणी तयार अ‍ॅपचा डेमो घेऊन येतो. डेमो बहुधा छानच होतो, कारण तो पंख्याखाली, वाय-फायवर, नव्या फोनवर आणि दहा नोंदींवर होतो. आपले काम मात्र उन्हात, कोंड्याच्या धुळीत, रेंज नसताना आणि दिवसाला शेकडो नोंदींवर चालणार असते.

शंभर-दोनशे माणसांच्या हाती असे मशीन द्यायचे असेल, तर दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. किंमत तीन वर्षांची मोजावी, आणि पसंती काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला विचारावी. पुढचे सगळे या दोन गोष्टींचेच तपशील आहेत.

आधी दोन धडे

पहिला धडा आपल्याच राज्यातला आहे. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. त्यांची रॅम २ जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. फोन अडकू लागले, अ‍ॅप इंग्रजीत होते, फोनची वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून करावा लागतो, अशी सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर फोन परत करण्याचे आंदोलन केले. कामाला नकार देण्यासाठी हे आंदोलन नव्हते. अ‍ॅपची भूक आणि फोनची ताकद एकत्र कोणी मोजली नव्हती, भाषा कोणी तपासली नव्हती आणि दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खिशातून जाईल हे आधी ठरले नव्हते. खासगी कंपनीतही हेच तीन प्रश्न सुटून जातात.

दुसरा धडा जगभरच्या गोदामांचा आहे. बारकोड वाचणारी हजारो हॅण्डहेल्ड मशीन एकेकाळी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एम्बेडेड हॅण्डहेल्ड ६.५ वर चालत. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा आधार थांबवला. मशीन धडधाकट होती, पण त्यांच्यासाठी सुरक्षा दुरुस्त्या येणे बंद झाले. ज्यांचे सॉफ्टवेअर त्याच प्रणालीला बांधलेले होते, त्यांना मशीन आणि सॉफ्टवेअर दोन्ही नव्याने घ्यावे लागले. म्हणून विक्रेत्याला पहिल्याच बैठकीत विचारावे: हे अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालते, आणि नवी आवृत्ती आल्यावर किती महिन्यांत तयार होते?

खर्चाचा खरा आकडा

कोटेशनवर ‘दर माणशी दर महिना २५० रुपये’ असे लिहिलेले असते. दोनशे माणसांसाठी तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहू. खालचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या हाती आलेले दर त्या जागी घालून प्रत्येकाने आपला तक्ता तयार करावा.

• सॉफ्टवेअरचे परवाने: २५० रुपये × २०० × ३६ महिने = १८,००,००० रुपये
• फोन: १२,००० रुपये × २०० = २४,००,००० रुपये
• राखीव फोन, दहा टक्के: २० नग = २,४०,००० रुपये
• सिम आणि डेटा: २०० रुपये × २०० × ३६ = १४,४०,००० रुपये
• सगळे फोन दुरून सांभाळण्याची व्यवस्था: १०० रुपये × २०० × ३६ = ७,२०,००० रुपये
• दुरुस्ती, फोनच्या किमतीच्या वर्षाला आठ टक्के: ५,७६,००० रुपये
• टॅली किंवा आपल्या हिशेब प्रणालीशी जोडणी: ४,००,००० रुपये
• प्रशिक्षण, ७०० रुपये रोजाने दोन दिवसांची मजुरी २,८०,००० आणि प्रशिक्षकाचे ६०,०००: ३,४०,००० रुपये
• चाचणीचा टप्पा: १,००,००० रुपये

एकूण ८०,१६,००० रुपये, तेही कराशिवाय. एका माणसामागे महिन्याला पडतात सुमारे १,११३ रुपये. ज्या २५० रुपयांवर आपण तासभर घासाघीस करतो, ते एकूण खर्चाच्या साडेबावीस टक्क्यांच्या आसपास आहेत. परवान्यात दहा टक्के सूट मिळाली तर १,८०,००० रुपये वाचतात. पण अ‍ॅप हलके असल्यामुळे स्वस्तातला ९,००० रुपयांचा फोन पुरला, तर राखीव नगांसह ६,६०,००० रुपये वाचतात. म्हणून दरापेक्षा अ‍ॅपच्या वजनाकडे आधी पाहावे.

या यादीतली ‘दुरून सांभाळण्याची व्यवस्था’ अनेकांना नवी वाटेल. हरवलेला फोन कुलूपबंद करणे, त्यातली माहिती पुसणे, सगळ्यांना एकाच दिवशी नवी आवृत्ती देणे, कामाच्या फोनवर दुसरे अ‍ॅप टाकू न देणे ही कामे ती करते. दहा फोन असतील तर हाताने भागते. दोनशे फोन आठ तालुक्यांत विखुरलेले असतील तर एका बदलासाठी गोंदियाहून अर्जुनी मोरगावपर्यंत माणूस पाठवावा लागतो.

तांदळाच्या धंद्यात जीएसटी खर्चच ठरू शकतो

सॉफ्टवेअर, फोन, डेटा, दुरुस्ती या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. वरच्या हिशेबात मजुरी वगळून बाकी ७७,३६,००० रुपयांवर तो १३,९२,४८० रुपये होतो. ज्यांची विक्री करपात्र आहे त्यांना हा कर पुढे वजा करून मिळतो, म्हणून ते त्याकडे पाहत नाहीत. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के कर आहे. सुटा तांदूळ आणि त्याहून मोठी पोती करमुक्त आहेत. करमुक्त विक्रीच्या प्रमाणात आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे मुख्य विक्री सुट्या तांदळाची असेल, तर या तेरा-चौदा लाखांतला मोठा भाग खर्चातच जमा धरावा लागतो. पूर्ण धरला तर एकूण ९४,०८,४८० रुपये, म्हणजे माणशी महिन्याला सुमारे १,३०७ रुपये होतात. आपले प्रमाण किती, हे कंपनीच्या सीएकडून कोटेशन मंजूर करण्याआधी काढून घ्यावे.

पैसे वसूल कसे होतील

महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर १,३०७ रुपये म्हणजे दिवसाला सुमारे ५० रुपये. ७०० रुपये रोजाच्या आठ तासांत ५० रुपये म्हणजे सुमारे ३५ मिनिटे. मशीनमुळे माणसाची रोज ३५ मिनिटे वाचली पाहिजेत, किंवा तेवढ्या पैशाच्या चुका टळल्या पाहिजेत.

धानाच्या भाषेत सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला २,३६९ रुपये होता. ४० किलोच्या एका कट्ट्याची किंमत सुमारे ९४८ रुपये झाली. एका माणसामागे महिन्याला दीड कट्ट्याची चूक टळली, तरी मशीन आपला खर्च काढते. आपल्या मागच्या हंगामाच्या वह्या उघडाव्यात आणि मोजणीतला फरक, हरवलेल्या चिठ्ठ्या, दोनदा दिलेले पैसे यांची बेरीज करावी. ती बेरीज या आकड्याच्या आसपासही जात नसेल, तर वहीच बरी. सॉफ्टवेअर न घेणे हाही निर्णयच असतो.

सात चाचण्या

१. रेंजची चाचणी. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास, सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क येते-जाते. फोन विमान मोडवर टाकून शंभर नोंदी कराव्यात, मधेच फोन बंद करून चालू करावा आणि दुसऱ्या दिवशी नेटवर्क द्यावे. कार्यालयात बरोबर शंभर नोंदी पोहोचल्या पाहिजेत. ९९ आल्या तर शेतकऱ्याचा कट्टा गेला, १०१ आल्या तर कंपनीचे पैसे गेले. या एका चाचणीत नापास झालेले अ‍ॅप पुढे पाहूच नये.

२. जुन्या फोनची चाचणी. विक्रेत्याचा फोन बाजूला ठेवावा आणि आपल्याकडचा सगळ्यात कमकुवत फोन द्यावा. त्यात पाच हजार शेतकऱ्यांची यादी भरून नाव शोधायला किती सेकंद लागतात ते पाहावे.

३. ऊन आणि धूळ. रब्बी धानाच्या खरेदीच्या दिवसांत इथला पारा ४५ अंशांकडे जातो. तापलेला फोन मंद होतो, चार्जिंग थांबवतो. भर दुपारी काट्याशेजारी उभे राहून स्क्रीन वाचता येते का, घामाच्या बोटाने बटण दाबले जाते का, हे पाहावे. मिलच्या आत कोंडा आणि तूस उडते. तिथे आयपी मानांकन विचारावे. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो, आणि ६ म्हणजे धूळ आत जात नाही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडले तरी चालते. पण दणकट मशीन साध्या फोनच्या कितीतरी पट महाग असते. म्हणून मिलच्या आतल्या मोजक्या जागी दणकट आणि बाहेर साधा फोन, अशी वाटणी परवडते.

४. भाषेची चाचणी. इथे मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा भाषा एकाच काट्यावर ऐकू येतात. बटणे मराठीत आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. चूक झाल्यावर येणारी सूचना मराठीत आहे का, ते पाहावे, कारण माणूस अडतो तो तिथेच. नावे युनिकोडमध्ये साठवली जातात का, तेही तपासावे. ‘ऱ्या’सारखे जोडाक्षर दोन पद्धतींनी टाइप होते आणि एका पद्धतीने लिहिलेले नाव दुसरीने शोधल्यास सापडत नाही, असे घडते.

५. पावतीची चाचणी. शेतकऱ्याच्या हातात कागद पडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. खिशातल्या लहान ब्लूटूथ प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे बहुधा नसतात. मग अ‍ॅपला पावती चित्र म्हणून पाठवावी लागते आणि छपाई मंदावते. सलग पन्नास पावत्या छापून वेळ मोजावा. थर्मल कागदावरची छपाई उन्हात उडते, म्हणून नोंद एसएमएसनेही गेली पाहिजे.

६. काट्याची जोडणी. वजन माणसाने टाइप करायचे की इलेक्ट्रॉनिक काट्यावरून थेट यायचे, हे ठरवावे. थेट येत असेल तर आपल्याकडच्या काट्याच्या मॉडेलवर ते चालवून दाखवायला सांगावे. ‘सगळ्या काट्यांना चालते’ हे उत्तर पुरेसे नाही.

७. दिवसभराची बॅटरी. सकाळी पूर्ण चार्ज करून, प्रिंटर जोडून आणि लोकेशन चालू ठेवून संध्याकाळी सहाला किती उरते ते लिहून ठेवावे. पॉवर बँक लागणार असेल तर तीही खर्चाच्या यादीत घालावी.

माहितीची जबाबदारी आपलीच

या अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा आणि मोबाईल क्रमांक जाणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: माहिती सांभाळायला बाहेरच्या कंपनीला दिली, तरी कायद्यापुढे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सायबर घटना घडल्यास सहा तासांत कळवावी आणि संगणक प्रणालीच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवाव्यात, असे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश एप्रिल २०२२ चे आहेत. हे काम कोण करणार, ते करारात लिहून घ्यावे.

अ‍ॅप बसवताना ते कोणत्या परवानग्या मागते याची यादी करावी. काट्याच्या अ‍ॅपला कॅमेरा, ब्लूटूथ, लोकेशन लागेल. ते संपर्क यादी, कॉलची नोंद किंवा एसएमएस वाचायला मागत असेल तर कारण विचारावे आणि पटले नाही तर नाकारावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कंपनीच्या फोनवर कधीही बसवू नये. कंपनीपुरते अ‍ॅप प्ले स्टोअरवरून खासगीरीत्या देण्याची सोय आहे, तीच वापरावी.

आपल्या माणसांचाही विचार करावा. लोकेशन नोंदवायचे असेल तर त्यांना आधी सांगावे आणि कामाची वेळ संपली की ते बंद व्हावे. जे आपल्यावर पाळत ठेवते असे माणसाला वाटते, ते मशीन तो मनापासून वापरत नाही.

करारात ही सात वाक्ये असावीत

• परवाने हंगामाप्रमाणे कमी-जास्त करता येतील. दोनशेपैकी १२० माणसे वर्षातून चारच महिने लागत असतील, तर बाराही महिन्यांचे परवाने घेतल्याने तीन वर्षांत ७,२०,००० रुपये वाया जातात.
• वार्षिक दरवाढीची मर्यादा लेखी असावी. दरसाल दहा टक्के वाढ झाली तर १८ लाखांचे परवाने १९,८६,००० रुपयांना पडतात.
• माहिती आपली आहे. ती एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाइलमध्ये हवी तेव्हा, वेगळे पैसे न घेता मिळेल.
• करार संपल्यावर किती दिवस माहिती मिळेल आणि त्यानंतर ती पुसल्याचे लेखी पत्र कोण देईल, हे नमूद असावे.
• विक्रेता कंपनी बंद पडली तर सॉफ्टवेअरचा मूळ कोड आपल्याला मिळेल, अशी तिसऱ्या पक्षाकडे ठेवण्याची व्यवस्था असावी.
• हंगामात बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्ती होईल आणि न झाल्यास बिलातून किती कापले जाईल, हे आकड्यात असावे. धान खरेदी रविवारीही चालते, म्हणून ‘कामकाजाचे तास’ हा शब्द नीट वाचावा.
• मदतीसाठी फोन उचलणारा माणूस मराठी किंवा हिंदीत बोलेल.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे काय

मुक्त स्रोतातली चांगली साधने आहेत. ओडीके आणि कोबोटूलबॉक्स यांवर फॉर्म तयार करून रेंज नसतानाही माहिती भरता येते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट साठा आणि हिशेब दोन्ही सांभाळते. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर, तो सांभाळणारा माणूस, बदल करणारा प्रोग्रामर यांचे लागतात. वरच्या यादीत परवान्याच्या जागी शून्य लिहून सांभाळणाऱ्याचा पगार मांडावा आणि मग तुलना करावी. मोठा करार करण्याआधी आपल्याला नेमके काय हवे आहे हे शोधण्यासाठी ही साधने फार उपयोगी पडतात. महिनाभर साधा फॉर्म चालवला, की विक्रेत्याला काय विचारायचे ते आपोआप कळते.

चाचणी केव्हा आणि कोणी करावी

खरिपाच्या खरेदीच्या तोंडावर नवे सॉफ्टवेअर सुरू करू नये. काटा थांबला तर शेतकऱ्याची गाडी थांबते. रब्बी धानाची आवक खरिपापेक्षा कमी असते, तेव्हा चाचणी घ्यावी. तीन जागा निवडाव्यात: एक फुलचूरसारखी रेंज चांगली असलेली, एक जंगलपट्ट्यातली आणि एक मिलच्या आतली. प्रत्येक जागी एक तरबेज माणूस आणि एक मोबाईलला बिचकणारा माणूस असावा. चार आठवडे वही आणि मशीन दोन्ही चालवावे आणि रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवावी. न जुळलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण लिहून ठेवावे. या चाचणीचे पैसे विक्रेत्याला द्यावेत. फुकट चाचणीत आपणही कडक राहत नाही आणि तोही मन लावत नाही.

शेवटी गुण देताना कार्यालयाचे मत आणि काट्यावरच्या माणसांचे मत वेगवेगळे लिहावे. दोन्ही जुळले नाहीत तर काट्यावरच्या माणसांचे धरावे. अहवाल कसा दिसतो ते कार्यालयाला कळते, पण नोंद खरी पडते की नाही हे काट्यावर कळते. नोंदच चुकीची असेल तर अहवाल कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

सही करण्याआधी तीन वर्षांचा तक्ता, शंभर नोंदींच्या चाचणीचा निकाल आणि काट्यावरच्या माणसांची लेखी पसंती असे तीन कागद फाइलला जोडलेले असावेत. तिन्ही असतील तर निर्धास्त घ्यावे. एकही कमी असेल तर पुढच्या हंगामापर्यंत वही चालू ठेवावी.